जावयाच्या कांड्या

मित्रांनो, नाशिकला पंचवटीत पेठ नाक्याच्या अलीकडे चिवड्याचा एक कारखाना आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये गेलात तर रिकाम्या पत्र्याच्या डब्यांची एक मोठी रास दिसेल. त्या राशीखाली काळीकुट्ट, बुटकी आणि ऐसपैस अशी जी विटांची बैठक आहे, ती मी. मी या कारखान्याची जुनी भट्टी. आता माझ्या पोटात राखसुद्धा उरलेली नाही, पण मनातली धग काही विझलेली नाही. म्हातारी कुरकुरते आहे असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. तुम्ही जरा टेका आणि ऐका.

माझा जन्म एकोणीसशे ब्याण्णव सालचा. धोंडीरामशेठनी नुकता कारखाना काढला होता आणि भट्टी बांधायला पिंपळगाव बसवंतहून भिमाजी मिस्तरींना बोलावलं होतं. मिस्तरी तसे तऱ्हेवाईक. त्यांनी टेप आणला होता, पण माझं तोंड मोजलं ते स्वतःच्या वितीनं. माती चाळली, त्यात भाताचं तूस आणि गुळाचं पाणी घातलं, तीन दिवस मुरवली आणि मग एकेक वीट बसवली. आत लोखंडी जाळी, मागं उंच धुराडं, वर कढईसाठी गोल बैठक. पहिला जाळ करण्याआधी ते शेठना म्हणाले, "शेठ, हिला चांगलं खायला घाला. ही तुमच्या नातवांचा चिवडा तळंल."

मला ते बोलणं फार आवडलं. लहानपणी कुणी आपल्याबद्दल चांगलं बोललं की ते जन्मभर लक्षात राहतं ना, तसंच.

सुरुवातीला मी बाभळीची लाकडं खाल्ली. मग लाकूड मिळेनासं झालं, तेव्हा पेठ रोडच्या सॉ मिलमधला भुसा आला. भुसा म्हणजे नुसता वैताग! भसकन पेटायचा आणि भसकन विझायचा. त्यानंतर भुसा यंत्रात दाबून केलेल्या कांड्या निघाल्या. बोटाएवढ्या जाड, गुळगुळीत, खडूच्या तुकड्यांसारख्या. शिकलेले लोक त्यांना पेलेट म्हणत. आमच्याकडं मात्र सगळे कांड्याच म्हणायचे. मिस्तरींनी माझी जाळी बदलली, खालून वाऱ्यासाठी छोटा पंखा बसवला, आणि मित्रांनो, खरं सांगते, असं खाणं मी कधी खाल्लं नव्हतं. जाळ एकसारखा, धूर नावाला, राख मूठभर. कढईतले पोहे असे फुलायचे की बघत राहावं.

पण कांडी कांडीत फरक असतो. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. आत काय दाबलंय ते ओळखायला पारख लागते, आणि ती पारख आमच्याकडं एकाच बाईला होती. तिचं नाव भागुबाई.

भागुबाई पेठकडच्या डोंगरातली. जंगलात वाढलेली, त्यामुळं लाकडाचा वास तिला आपल्या माणसाच्या आवाजासारखा ओळखू यायचा. नवरा गेल्यावर लहानग्या सरिताला घेऊन ती द्राक्षाच्या मळ्यांत मजुरीला उतरली आणि तिथून चौऱ्याण्णव साली आमच्याकडं आली. तेव्हापासून माझा जाळ तिच्याच हातात. सकाळी आली की माझ्या तोंडाशी बसून सळईनं राख ओढायची आणि विचारायची, "काय गं बाय, पोट साफ हाय ना?" दर शनिवारी मला मातीचा हात फिरवायची. दसऱ्याला झेंडूची माळ घालायची, हळदीकुंकू लावायची. माझ्या अंगावर तडा दिसला तर स्वतःच्या टाचेला भेग पडल्यासारखी हळहळायची. मला वाटायचं, सख्खी बहीण असती तर ती याहून काय वेगळं करणार होती?

आणि माल निवडताना ती कुणाची भीडभाड ठेवायची नाही. नवा माणूस कांड्या घेऊन आला की शेठ त्याला सरळ माझ्याकडं पाठवायचे. भागुबाई वरचं पोतं बाजूला सारायची आणि तळातलं उघडायची. तिथूनही वरची मूठ नाही, खाली हात घालून आतली मूठ घ्यायची. एक कांडी कडकन मोडून बघायची. मग जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात पाणी घेऊन त्यात चार कांड्या टाकायची. चांगली कांडी लगेच बुडते आणि थोड्या वेळात फुलून तिचा नुसता भुसा होतो. माती मिसळलेली असली तर तळाला रेव बसते. लाकूड चिकटवायचा सरस किंवा रंग असला तर कांडी फुलतच नाही आणि पाण्यावर तवंग येतो.

एकदा पिंपळगावचा एक व्यापारी द्राक्षांच्या छाटणीच्या काड्यांपासून केलेला माल घेऊन आला. रंगानं सुरेख, कडकडीत वाळलेला. भागुबाईनं एक कांडी निखाऱ्यावर धरली, वास घेतला आणि पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

"न्या परत."

"अहो मावशी, काय वाईट आहे यात?"

"ह्या येलींवर वरीसभर औषध मारलंय. हितं खायचा जिन्नस तळतोय आमी. नाय चालायचं."

व्यापारी शेठकडं तक्रार घेऊन गेला. शेठ हसले आणि म्हणाले, "भागुबाई नाही म्हणाली ना? मग मी काय करू? इथं तिचं चालतं." मी तेव्हा अभिमानानं नुसती ढणाणले होते. मी काय खावं हे माझ्या बहिणीनं ठरवावं आणि तिचा शब्द मालकानंही मोडू नये, यापेक्षा भट्टीला आणखी काय हवं?

अशी बारा वर्षं गेली. मला वाटलं होतं, मी मोडकळीला आले तरी ही बाई माझी साथ सोडणार नाही.

दोन हजार सहा सालचा उन्हाळा होता. सरिताचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तिचा नवरा मनोज फर्निचरच्या दुकानात कामाला होता. माणूस बोलायला गोड, हुशार आणि धडपड्या. त्यानं नोकरी सोडली आणि दिंडोरी रस्त्याला एक पत्र्याचं शेड घेऊन कांड्यांचं यंत्र बसवलं. यंत्र सुरू झालं आणि पहिला टेम्पो भरून तो कुठं आला असेल? आमच्याच दारात.

त्या दिवशी भागुबाईच्या चेहऱ्यावरचं तेज काय सांगू! लुगड्याच्या घड्या सारख्या करत ती बाहेर गेली. शेठही उठून आले. टेम्पोतून पोती उतरली, आणि भागुबाई सवयीनं पातेलं भरून पाणी घेऊन आली.

पोहे पाखडणाऱ्या बायका खुदकन हसल्या. त्यातल्या विठाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं भागे, जावयाचा माल पाण्यात बुडवती का? काय म्हणतील ते!"

भागुबाई ओशाळली. हातात पातेलं तसंच. मनोज हसून म्हणाला, "बघू द्या ना त्यांना. मामी, तुमचा हक्कच हाय."

तो असं म्हणाला आणि सगळंच बिघडलं. आपल्याकडं जावई दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात, त्याचा माल तपासायला कुणी पाणी आणत नाही. भागुबाई पुढं झाली. "जावईबापू, उन्हातनं आलाव," असं म्हणत तिनं ते पातेलं त्याच्या पायांवर रितं केलं आणि पदरानं पाय पुसले. पोती तशीच आत आली. एकही उघडली गेली नाही.

मला तेव्हा काही वाटलं नाही, मित्रांनो. उलट गंमत वाटली. तो माल चांगलाच होता. सागाच्या भुशाचा, निर्मळ. पुढचे दोन-तीन महिने माल चांगलाच आला. पण एक वाईट पायंडा पडून गेला. इतरांच्या मालाला पाण्याचं पातेलं आणि जावयाच्या मालाला नुसता रामराम.

गणपती उठले आणि दिवाळीची गडबड सुरू झाली. कढई सकाळपासून संध्याकाळपर्यंत उतरत नव्हती. कांड्या जास्त लागू लागल्या आणि मला पोटात काहीतरी वेगळं जाणवू लागलं. जाळाला भलताच रंग यायचा. वास यायचा तो लाकडाचा नाही, जळक्या सरसाचा. जाळीवर राखेऐवजी काचेसारखे वितळलेले खडे चिकटून बसायचे. खालून वारा येईना. वारा नाही म्हटल्यावर धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी कढईच्या कडेनं बाहेर यायला लागला. बायकांचे डोळे चुरचुरू लागले. मी गुदमरत होते आणि लोक म्हणत होते, "भट्टी आज नीट चालत नाही."

मग सटाण्याच्या दुकानदारानं चिवडा परत पाठवला. चांदवडहून निरोप आला की चिवड्याला घासलेटासारखा वास येतो. शेठचं तोंड उतरलं. दिवाळीच्या तोंडावर कारखान्याचं नाव जाण्याची वेळ आली होती.

भागुबाई रोज सकाळी सळईनं ते खडे खरवडून काढायची. आता ती माझ्याशी बोलत नव्हती. एखादा खडा हातात घेऊन बघत बसायची आणि मग झटकन टोपलीत टाकायची.

एका दुपारी बायका डबे खायला गेल्यावर तिनं शेवटी ते केलं. तळातलं पोतं ओढलं, आत हात घातला, चार कांड्या काढल्या आणि पाण्यात टाकल्या. मी श्वास रोखून बघत होते. अर्धा तास झाला तरी कांड्या फुलल्या नाहीत. पाण्यावर तेलकट तवंग आला. तिनं एक कांडी दगडानं फोडली. आतून पिवळ्या रंगाची खपली निघाली आणि खोकी ठोकतात तसल्या बारीक खिळ्याचं टोक निघालं. तो सगळा जुन्या प्लायवुडचा आणि कारखान्यांतल्या टाकाऊ खोक्यांचा भुसा होता.

आणि तुम्हाला सांगते, मला इतकं बरं वाटलं! आता हिला कळलं. आता ही शेठकडं जाईल आणि माझी सुटका होईल.

तेवढ्यात मनोजच टेम्पो घेऊन आला. तिनं त्याला माझ्यापाशी बोलावलं आणि ते पातेलं दाखवलं.

"जावईबापू, ह्यात प्लायचा भुसा हाय."

त्यानं पातेल्याकडं एकदा बघितलं. लाजला नाही, चिडलाही नाही. "मामी, सॉ मिलचा भुसा आता मिळतोय कुठं? सगळेच असं करत्यात. दिवाळीपुरतं चालवून घ्या."

"आन चिवड्याला वास येतोय त्याचं काय?"

"तुमी शेठला सांगितलं तर हा कारखाना सुटंल. ह्यो सुटला की बाकीचे बी सुटतील. मशीन बंद पडंल." मग तो हळू आवाजात, अगदी गोड बोलला, "सरिताला सहावा लागलाय. तिला तुमच्याकडं आणून सोडू का मग? कायमची?"

तो गेल्यावर भागुबाईनं पातेल्यातलं पाणी राखेच्या ढिगावर ओतलं आणि कांड्यांचा चुरा पायानं राखेत कालवून टाकला.

मला लेक नाही, मित्रांनो. त्यामुळं आईचं काळीज काय असतं ते मला पुरतं कळणार नाही, हे मान्य. पण मला त्या दिवशी भीती वाटली.

चारच दिवसांनी शेठनी भिमाजी मिस्तरींना बोलावून घेतलं. मिस्तरी आता फार थकले होते. डोळ्यांना कमी दिसायचं. ज्यांनी मला जन्म दिला तेच मला तपासायला आले, म्हणून मी जरा निर्धास्त झाले. त्यांनी माझ्या तोंडातून हात आत घातला, विटा चाचपल्या, जाळीवरचा एक खडा उपटून काढला आणि नाकाशी नेला.

"शेठ, भट्टी ठणठणीत हाय. खाण्यात खोट हाय. माल कोण बघतं?"

सगळ्यांनी भागुबाईकडं बघितलं. शेठ म्हणाले, "माल भागुबाई बघते. बारा वर्षांत एक पोतं वाईट आलेलं नाही. भागुबाई, तू सांग. हा माल पाण्यात टाकून बघितलास ना?"

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. माझ्यावर तिची एक नजर गेली, ओझरती. आणि ती बोलली.

"बघितलाय, शेठ. माल चोख हाय. भट्टीच म्हातारी झालीया. आतनं विटा सुटल्यात. रोज राख मी काढते, मला नाय कळायचं?"

मिस्तरी गोंधळले. पुन्हा हात आत घातला. मग बाहेर काढून उपरण्याला पुसत म्हणाले, "आसंल बाबा. मला काय आता नीट दिसत नाय. रोज हाताळणारीला जास्ती ठावं." आणि माझ्याकडं पाठ करून ते चहाला निघून गेले.

कुणी अनोळखी माणूस असं बोलला असता तर मी एवढी कोसळले नसते. पण भागुबाई बारा वर्षं कधी खोटं बोलली नव्हती, म्हणून तर शेठनी पुन्हा एक शब्द विचारला नाही. तिनं बारा वर्षं जपलेला खरेपणा त्या दिवशी माझ्याविरुद्ध वापरला. माझ्या विटा सुटल्या नव्हत्या. एकही नाही. तिनंच त्या दर शनिवारी मातीनं लिंपल्या होत्या. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक होतं?

तिचा हिशेब वेगळा होता, हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. तिला वाटलं, शेठ आतून चार विटा बदलतील, त्यात आठ-दहा दिवस जातील, तेवढ्यात जावयाला दोन गोष्टी सांगून चांगला माल आणवू. म्हणजे लेकीचा संसारही वाचेल आणि भट्टीही. पण शेठ घाबरले होते. परत आलेला चिवडा त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. ते म्हणाले, "म्हातारीला डागडुजी नको. गॅसचे बर्नर बसवू." आठवड्याच्या आत पुढच्या शेडमध्ये चकचकीत बर्नर आले. एका संध्याकाळी माझ्या पोटातला शेवटचा निखारा विझला आणि कुणी तो पुन्हा पेटवला नाही.

गॅस आल्यावर कांड्या कशाला लागणार? मनोजचा टेम्पो यायचा बंद झाला. पुढं त्यानं यंत्रही विकलं आणि पुन्हा फर्निचरच्या दुकानात कामाला गेला. सरिता त्याच्याच घरी राहिली, तिला मुलगा झाला. कुणी तिला आणून सोडलं नाही. म्हणजे ज्याच्या भीतीनं माझा बळी दिला, ते संकट आलंच नाही. ती नुसती धमकी होती.

गॅसच्या बर्नरला फिरवायची एक खुंटी असते. तिथं राख ओढणारी बाई लागत नाही आणि माल पारखणारीही लागत नाही. जानेवारीत भागुबाईनं काम सोडायचं ठरवलं. शेठ मनाचे मोठे. त्यांनी तिला निरोप द्यायला छोटा समारंभ केला, आणि तोही कुठं? मागच्या शेडमध्ये, माझ्यासमोर. शेठना वाटलं, हीच तिची जागा.

सतरंजी अंथरली. बायका बसल्या. शेठ उभे राहून म्हणाले, "भागुबाईसारखी पारख नाशिकमध्ये दुसरी नाही. बारा वर्षं हिनं कुणाची भीड धरली नाही. हिच्यामुळं या भट्टीत कधी खोटा माल गेला नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेठच्या बायकोनं तिच्या हातात साडी ठेवली, कपाळाला कुंकू लावलं.

मी वाट बघत होते. मला वाटलं, आता तरी ती बोलेल. आता जावयाचं यंत्र नाही, लेक सुखात आहे, गमावण्यासारखं काही उरलं नाही. एकच वाक्य. 'शेठ, भट्टी खरी होती.' एवढंच तर हवं होतं. भागुबाई खाली मान घालून उभी राहिली. साडी छातीशी धरली. आणि तिनं ते सगळं कौतुक घेतलं.

माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. माझ्या तोंडाशी, नेहमीच्या जागी बसली आणि रडायला लागली.

"बाय माझे, माल खोटा होता. तू खरी होतीस. मला वाटलं, चार विटा बदलतील, तवर त्यांना समजावीन. तू उठशील परत, असं वाटलं गं. माझ्या लेकीचं पोट पुढं आलेलं, मी काय करणार?"

हेच ते वाक्य. ते ऐकायला मी किती आसुसले होते! तिची आसवं माझ्या विटांवर पडत होती आणि माझ्या मनात मात्र एकच विचार येत होता. इथून दहा पावलांवर शेठचं ऑफिस आहे. दार उघडं आहे. शेठ आत बसले आहेत.

ती उठली. डोळे पुसले. त्या दारापर्यंत गेली, थांबली, शेठना वाकून नमस्कार केला आणि गेली.

त्यानंतर माझ्यावर डब्यांची रास चढली. नवी माणसं येतात, मला बघून म्हणतात, "ही ती बिघडलेली भट्टी का?" मी ऐकून घेते.

मित्रांनो, भट्टी असो, यंत्र असो, गोठ्यातलं जनावर असो, त्याला काय खायला घालता ते नीट पारखून घाला. माल आणणारा परका असो की घरचा, पाण्याचं पातेलं सगळ्यांना सारखंच असू द्या. आणि ज्याला बोलता येत नाही, अशा कुणावर कधी खोटा आळ आला आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असलं, तर ते चारचौघांत उभं राहून सांगा. आमच्या कानात येऊन सांगू नका. आम्हाला ते आधीपासून माहीत असतं.